आबांचा बटनाचा फोन

(एका आईचं २०२२ सालचं पत्र. नाव-गाव छापत नाही. पत्र लांब होतं, थोडं कमी केलं आहे.)

"मॅडम, हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून लांब नाही. थोरला मुलगा दहावीला आहे, पंधरा पूर्ण. कोरोना आला तेव्हा सातवीत होता, वर्गात पहिल्या तिघांत असायचा. आठवीचं वर्ष मोबाईलवर गेलं, तेही रेंज आली तर. नववीत शाळा उघडली, पण लेकरू पहिल्यासारखं झालंच नाही. आता सकाळ झाली की पोट दुखतं म्हणतो. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. रविवारी दुखत नाही, म्हणून ह्यांना वाटतं नाटक करतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल. काही बोललं की अंगावर येतो, परवा जेवताना ताट ढकललं. क्रिकेट सोडलं, मित्र सोडले. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं असेल. एकदा दाखवून आणलं, फरक नाही.

ह्यांचं म्हणणं, 'मी सहावीत असताना भूकंप झाला. धाकटी बहीण गेली, दोन वर्षं पत्र्यात काढली. आम्हाला कुठं काय झालं? ह्याला आयतं मिळतंय म्हणून हे थेर.'

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, कोरोनानं गेले. आधी ह्याला ताप आला होता, मग आबांना. ह्याला चुलत्यासोबत झेडपीच्या शाळेत वेगळं ठेवलं होतं, शेवटचं बघायला मिळालं नाही. आम्हालाही नाही. पण तेव्हा तो रडला नाही, शहाण्यासारखा वागला.

एक विचित्र गोष्ट सांगते. आबांचा जुना बटनाचा फोन तो रोज चार्ज करतो. सिम कधीच बंद पडलंय. दप्तरात घेऊन जातो. काढून घेऊ का? परवा रागात म्हणाला, मी नसतो तर सगळ्यांचंच बरं झालं असतं. रागात बोलला असेल. मार्चमध्ये बोर्ड आहे. काय करावं?"

ताई,

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही पत्राच्या तळाशी लिहिलंत, आणि लगेच त्यावर "रागात बोलला असेल" असं पांघरूण घातलंत. आईचा जीव आहे, साहजिक आहे. पण मी तिथूनच सुरुवात करणार. पोटदुखी, मोबाईल, दहावी, हे सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल. हे वाक्य थांबवून ठेवता येणार नाही.

पंधरा वर्षांचं पोर रागात असं बोलतं, हे खरं आहे. शाळेत शिकवत असताना मीही पुष्कळदा ऐकलंय. पण तुमच्या घरी हे वाक्य एकटं आलेलं नाही. चिडचिड, मित्र तुटणं, आवडीचा खेळ सुटणं, रात्रीचा दिवस होणं, हे सगळं वर्षभर साचत आलंय आणि त्यावर हे आलं. दोन आठवडे जरी हे असं सलग चाललं तरी कान टवकारायला हवेत. त्यामुळं त्याला विचारायचं. आज, फार तर उद्या.

विचारायचं कसं, हे सांगते. "ये, बस, तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की या वयाचं पोर दाराकडं बघायला लागतं. हाताला काम असू द्या. तुरीच्या शेंगा भरल्या असतील, सोलायला सोबत घ्या. नाहीतर मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून रानात जाताना बोला. डोळ्याला डोळा भिडत नाही तिथं ही मुलं मोकळी होतात. आणि शब्द आडवळणाचे नकोत. "परवा म्हणालास, मी नसतो तर बरं. तुला मरून जावंसं वाटतं का रे कधी?" इतकं सरळ. वाचूनच पोटात गोळा आला असेल. आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू, ही भीती मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक आईला होती. विचारल्यानं विचार येत नाही. आधीच आलेला असेल तर तो बाहेर काढायला एक दार मिळतं, एवढंच होतं.

तो "नाही" म्हणाला तर "बरं, पण कधी वाटलं तर मला रात्री दोनला उठवलंस तरी चालेल" एवढं बोलून शेंगा सोलत राहा. "हो" म्हणाला तर रडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, "आमचा विचार नाही आला का तुला?" हे तर अजिबात नाही. ऐकून घ्यायचं. त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कसं आणि कधी, हे त्यानं मनात ठरवलंय असं जाणवलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मधल्या वेळात, किंवा तुम्हालाच काही सुचत नसेल तर, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईबापांनीही लावायचा असतो तो.

आणखी एक काम, हे पत्र वाचून झाल्याबरोबर करा. सध्या तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू असेल. औषधाचे डबे शेतातल्या आखाड्यावर पंपाशेजारी किंवा घरात माळ्यावर ठेवलेले असतील. ते आजच पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली तुमच्या कमरेला. उरलेलं, जुनं, बिनलेबलाचं जे असेल ते घरात ठेवूच नका. मुलाला सांगायचीही गरज नाही. आपल्या भागात किती घरांनी हे कुलूप फार उशिरा लावलं, हे तुम्हाला मी काय सांगू. तो विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, लाटेसारखा. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार अवलंबून असतं.

आता पोटाचं बघू.

सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणजे दुखत नाही, असा अर्थ तुमच्या घरानं काढला. त्याचं पोट खरंच दुखतं. काळजीनं आतडी पिळवटतात. परीक्षेच्या सकाळी भल्याभल्यांना दोनदा परसाकडं जावं लागतं, तसंच हे, फक्त रोजचं. रविवारी दुखत नाही हा नाटकाचा पुरावा समजू नका. उलट दुखण्याचा पत्ता त्यातच आहे. शाळेच्या वाटेवर काहीतरी आहे.

काय असेल? थोडा हिशेब मांडून बघा. तो सातवीत असताना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. पहिली ते आठवीची परीक्षाच झाली नाही, तो वरच्या वर्गात गेला. आठवीत जानेवारी २०२१ च्या शेवटी वर्ग उघडले आणि थोड्या आठवड्यांत पुन्हा मिटले. परीक्षा पुन्हा नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला तो नववीच्या वर्गात बसला, तर जानेवारीत पुन्हा दोन आठवडे कुलूप. म्हणजे सहावीनंतर खरी वार्षिक परीक्षा त्यानं थेट नववीत दिली. बीजगणित ज्या वर्षी पक्कं व्हायचं ते वर्ष एका मोबाईलच्या पडद्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजमध्ये गेलं. पहिल्या तिघांतल्या मुलाला फळ्यावरचं कळेनासं होतं तेव्हा काय होतं, ठाऊक आहे? शेवटच्या बाकावरच्याला विचारायची सवय असते, तो विचारतो. हुशार मुलगा विचारत नाही. त्याचं पोट दुखायला लागतं.

आणि चिडचिडीबद्दल. मोठा माणूस उदास झाला की गप्प बसतो, रडतो, आपल्याला ओळखू येतं. या वयात नैराश्य पुष्कळदा रागाचा सदरा घालून येतं. ताट ढकलणं हे संस्कार कमी पडल्याचं लक्षण म्हणून आपण बघतो आणि तिथंच फसतो. मी स्वतः फसलेय, म्हणून सांगते.

इथून पुढचं पत्र तुमच्या यजमानांना, म्हणजे दादांना, वाचून दाखवा. ते ऐकणार नाहीत म्हणाले तर चहा करून शेजारी बसा आणि मोठ्यानं वाचा.

दादा, १९९३ साली मी त्याच भागात शिक्षिका होते. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन उरकून माणसं नुकती झोपली होती. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. सुमारे १० हजार माणसं गेली. तुम्हाला मी आकडे सांगायची गरज नाही, तुमची बहीण त्यात आहे.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. खरं तर शेडमध्ये नाही, शेडच्या बाहेर लिंबाखाली, कारण मुलं छताखाली बसायला तयार नव्हती. रस्त्यानं ट्रक गेला की अर्धा वर्ग उठून पळायचा. एक मुलगा होता, पाचवीतला. तो पाटीवर काही लिहायचाच नाही, नुसता पाटी पुसत बसायचा. थुंकी लावून, मनगटानं, पुन्हा पुन्हा. मी त्याला आळशी म्हणाले. एकदा कानही धरला. पुढं कळलं, ढिगारा उपसताना त्याच्या आईचा चेहरा मातीनं माखलेला होता आणि तो सदऱ्याच्या बाहीनं पुसत बसला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. त्याला आज पंचेचाळीस मिनिटं समोर बसवून ऐकायला मला आवडलं असतं. तो कुठं आहे ते ठाऊक नाही.

तेव्हा दादा, "आम्हाला कुठं काय झालं?" असं तुम्ही म्हणता तेव्हा मला तो मुलगा आठवतो. तुम्ही तेव्हा साधारण त्याच्याच वयाचे. तुम्हाला काही झालं नाही, की कुणी विचारलं नाही? अजून कधी रात्री भांडी वाजली तर दचकून उठता का? पावसाळ्यात छताखाली झोपताना दाराजवळची जागा धरता का? उत्तर मला पाठवू नका. तुमचं तुम्हाला कळलं तरी पुरे.

भूकंप आणि कोरोना यांत एक फरक होता, तोही सांगते. भूकंपात जे वाचले ते एकमेकांना बिलगून राहिले. एका चुलीवर दहा घरांचा स्वयंपाक झाला. गळ्यात गळे घालून माणसं रडली. देशभरातून अनोळखी लोक आले, पाठीवर हात ठेवून गेले. तुमच्या दुःखाला गर्दी होती. तुमच्या मुलाच्या दुःखाला गर्दीची बंदी होती. अंत्यविधीला वीसच माणसं, तीही लांब उभी. तेरा वर्षांच्या पोराला सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं, जवळ येऊ नको. त्यानं ते ऐकलं. मला वाटतं, तो अजून तेच ऐकतोय.

ताई, आता तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीकडं येते. "आधी ह्याला ताप आला होता, मग आबांना." तुम्ही सहज लिहिलीत आणि पुढं गेलात. मी तिथं अडकले. हीच ओळ त्यानं मनात किती वेळा म्हटली असेल?

त्याच्या जागी उभं राहून बघा. तेरा वर्षांचा मुलगा. खेळून आला, ताप चढला. आबांसोबत झोपणारा, आबांच्या ताटात जेवणारा. त्याला शाळेत नेऊन ठेवलं, ज्या वर्गात तो शिकला त्याच वर्गात सतरंजीवर. दोन आठवड्यांनी घरी आला तर आबा नाहीत. त्यांची बाज, घोंगडी, कपडे त्या काळात बऱ्याच घरांत जाळून टाकले, तुमच्याकडंही तसं झालं असेल तर त्याला अंगणात रिकामी जागा तेवढी दिसली. अशा वेळी मूल दोन आणि दोन चार करतं. माझ्यामुळं. असा निष्कर्ष काढलेलं पोर रडत नाही. रडायचा आपल्याला हक्कच नाही असं त्याला वाटतं. "शहाण्यासारखा वागला" ते हे असू शकतं. आणि त्या काळात घरातलं कुणी, दुःखाच्या भरात का होईना, "खेळायला जाऊ नको म्हटलं होतं ना" असं एकदा जरी बोललं असेल, तर त्याच्या मनात त्या वाक्यावर अजून धूळ बसलेली नाही.

हा माझा अंदाज आहे. चूकही असेल. पण "मी नसतो तर सगळ्यांचंच बरं झालं असतं" यातला "सगळ्यांचंच" हा शब्द मला सोडवत नाही.

आता यातलं खरं काय, ते दोघांनी नीट समजून घ्या. आधी कुणाला ताप आला यावरून कुणी कुणाला दिला हे ठरत नाही. या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला चौदा. लक्षणं दिसायच्या आधीही माणूस दुसऱ्याला देत असतो. तो ताप आबांकडूनही मुलाला आलेला असू शकतो. दूध घालायला गेलेल्या माणसाकडून दोघांनाही आलेला असू शकतो, बँकेच्या रांगेतून, राशनच्या दुकानातून. एप्रिल २०२१ मध्ये तो गावोगाव होता. तेरा वर्षांच्या मुलासाठी तेव्हा लसच नव्हती. १५ ते १८ वयाला ती ३ जानेवारी २०२२ पासून मिळाली. त्या मुलाच्या हातात काहीच नव्हतं.

पण हे सगळं त्याला लगेच ऐकवू नका. आपण मोठी माणसं घाईनं "तुझ्यामुळं नाही रे" म्हणून विषय मिटवतो, आणि पोराला वाटतं, ह्यांना ऐकायचंच नाही. आधी त्याला बोलू द्या. तो म्हणेल, "माझ्यामुळं गेले." मग थांबा. थोडा वेळ गप्प राहा. "किती दिवस हे एकट्यानं धरून बसलास?" असं विचारा. त्यानंतर वरचं सांगा. आणि हे शेवटचं बोलणं, दादा, तुमच्या तोंडून यायला हवं. आबा तुमचे वडील होते. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी ही माफी दिली तर त्याला ती पुरणार नाही. माफी म्हणते खरी, पण माफ करण्यासारखं त्यानं काही केलेलंच नाही, हेच तर सांगायचंय.

त्या वेळी तुमचाही बाप गेला, आणि तुम्ही कागदांवर सह्या करत, ऑक्सिजनसाठी फोन लावत फिरत होता. तुम्ही रडला होता का? नसाल तर मुलासमोर रडलात तरी बिघडत नाही. आभाळ कोसळत नाही.

दवाखान्याचं. घरच्या बोलण्यानं पुष्कळ होईल, पण एवढ्यावर भागवू नका. वर्षभर चाललेलं आहे आणि ते वाक्य आलेलं आहे, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, ओपीडीत बसायचं, बस्स. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकाकडून सुरुवात केली तरी चालेल. गावच्या आशाताईला विचारा, वार आणि वेळ तिला माहीत असते.

डॉक्टर आधी बोलतील, मुलाशी एकट्यानंही बोलतील. तेव्हा दाराला कान लावून उभं राहू नका. गरज वाटली तर नैराश्यावरची गोळी देतील. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं तर मुळीच नाही. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थपणा वाढल्यासारखा वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवा, आणि गोळ्यांची पाकिटं तुमच्याजवळ ठेवा.

"वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं असं गाव म्हणेल." तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणार. युनिसेफनं २०२१ मध्ये २१ देशांतल्या तरुण मुलांना विचारलं होतं की मनाच्या त्रासासाठी कुणाची मदत घेणं चांगलं का? सगळ्या देशांची सरासरी धरली तर १०० पैकी ८३ जण "हो" म्हणाले. भारतात फक्त ४१. आणि याच पाहणीत भारतातल्या १५ ते २४ वयाच्या दर ७ जणांत एकजण म्हणाला की मला वरचेवर उदास वाटतं, कशात रस वाटत नाही. म्हणजे मुलाच्या वर्गात साठ पोरं असतील तर तसली आठ-नऊ. गाव काय म्हणेल ते म्हणू द्या. गावातल्या कितीतरी घरांत हेच चाललंय आणि तेही तुमच्याच भीतीनं गप्प आहेत.

सासूबाईंवर चिडू नका. बाहेरचं बघणं ही त्यांची काळजी करायची रीत आहे, आणि त्यांचाही नवरा गेलाय. एकदा दाखवून झालं, आता पुन्हा नको. अंगारा लावायचा तर लावू द्या, पण लातूरच्या गाडीत बसायच्या आधी लावा.

मोबाईलबद्दल फार लिहित नाही, कारण सगळे त्याबद्दलच लिहितात. रात्री दोनपर्यंत जागतो म्हणून मोबाईल हिसकावलात तर तो दोनपर्यंत अंधारात जागेल, आणि अंधार मोबाईलपेक्षा वाईट. या वयात शरीराला झोपच उशिरा येते, त्यात काळजी. झोपायची वेळ लावण्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा, सहा म्हणजे सहा, रविवारीही. उठल्याबरोबर उन्हात. आखाड्यावर जाऊन जनावरांना कडबा टाकणं, पाणी दाखवणं असलं काम द्या, पण शिक्षा म्हणून देऊ नका. आबांसोबत तो ते करतच असेल. आणि रात्री दहाला घरातले सगळे फोन, दादांचाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला. एकट्या पोराचा ठेवलात तर ते भांडण तुम्ही हरणार.

बोर्ड २ मार्च २०२३ ला सुरू होतंय. खरं सांगू का, मला त्याची एवढी फिकीर वाटत नाही. २०२१ मध्ये तर राज्यात दहावीची परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के पास झाले, आणि कुणाच्या आयुष्यात काही आक्रीत घडलं नाही. यंदा पूर्ण अभ्यासक्रम आहे, त्याची पोकळी आठवीतली आहे. शाळेत जाऊन गणिताच्या सरांना भेटा आणि सांगा की ह्याला आठवीचं बीजगणित पुन्हा हवंय, वर्गासमोर नको, मधल्या सुट्टीत. बरेच शिक्षक तयार असतात, कुणी मागत नाही. रोज दोन तास धड झाले तरी पुष्कळ. दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला बसता येतं, निकालानंतर पुरवणी परीक्षा असते. हे त्याला दादांनी सांगावं, "लातूरला सायन्सलाच घालायचंय" हे सध्या बाजूला ठेवून. लातूर पॅटर्न कुठं पळून जात नाही.

आणि तो फोन.

काढून घेऊ नका. त्यात काय आहे हे मला माहीत नाही. कदाचित आबांचे शेवटचे कॉल असतील. दवाखान्यातून रात्री केलेले, कुणी न उचललेले. घरातला मोठा फोन तेव्हा ऑनलाइन शाळेसाठी त्याच्याचजवळ असायचा ना? कदाचित काहीच नसेल, नुसता वास असेल, तंबाखूचा आणि आबांच्या खिशाचा. त्याच्या अपरोक्ष उघडून बघू नका. एखाद दिवशी शेंगा सोलताना म्हणा, "आबांच्या फोनमध्ये काय आहे, मला दाखवशील?" नाही म्हणाला तर पुन्हा महिन्याभरानं.

तोवर एक करा. इतकी वर्षं रोज चार्ज केलेली जुनी बॅटरी फुगते. मागचं झाकण नीट बसत नसेल तर ती फुगलीय असं समजा, आणि दप्तरात ती धोक्याची. दादा, लातूरला दवाखान्यात जाल त्या दिवशी त्याला सोबत घेऊन मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जा आणि नवी बॅटरी बसवून घ्या. दुकानदार म्हणेल, "अहो, ह्याच्यात काय राहिलंय, टाकून द्या." तेव्हा उत्तर मुलाला द्यायला लावू नका, तुम्ही द्या.